ड्यूररचा जादूचा चौरस

ड्यूररचा जादूचा चौरस हा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या ‘मेलेन्कोलिया १’ या मुद्राचित्रात कोरलेला सोळा घरांचा संख्याचौरस आहे. हे मुद्राचित्र इ.स. १५१४ मधील असून चौरसाच्या सर्वांत खालच्या ओळीतील मधल्या दोन घरांत १५ आणि १४ या संख्या शेजारी शेजारी येतात. त्या एकत्र वाचल्यास चित्राचे वर्ष मिळते. युरोपात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या जादूच्या चौरसांमध्ये याची गणना होते. प्रबोधनकाळातील कलावंतांनी चित्रांत दडवलेल्या खेळकर संकेतांचे उदाहरण म्हणून तो नेहमी दिला जातो. मात्र त्यात सापडल्याचे सांगितले जाणारे सर्वच संकेत ड्यूररने हेतुपूर्वक ठेवलेले नाहीत. त्यांपैकी काही चौरसाच्या गणितातून आपोआप निर्माण होतात, आणि कोणते हे साध्या बेरजांनी तपासता येते.

मुद्राचित्र

‘मेलेन्कोलिया १’ हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र सुमारे २४ सेंटिमीटर उंच आणि १९ सेंटिमीटरहून थोडे कमी रुंद आहे. ‘योद्धा, मृत्यू आणि सैतान’ (१५१३) व ‘अभ्यासिकेतील संत जेरोम’ (१५१४) या दोन चित्रांसह ते ड्यूररच्या तीन सर्वश्रेष्ठ ताम्रमुद्राचित्रांत मोडते. चित्रात पंख असलेली एक स्त्री गालाला मूठ टेकवून खिन्नपणे बसलेली आहे. तिच्या हातात कंपास आहे, पण ती काहीही आखत नाही. भोवती करवत, रंधा, खिळे व पट्टी ही सुताराची हत्यारे विखुरलेली आहेत. एक कृश कुत्रा झोपला आहे आणि जात्याच्या दगडावर बसलेले पंखधारी बालक पाटीवर काहीतरी गिरवत आहे. पाठीमागे शिडी, तराजू व वाळूचे घड्याळ, तर दूर समुद्रावर धूमकेतू व इंद्रधनुष्य दिसते. वटवाघळासारख्या एका प्राण्याने धरलेल्या फलकावर चित्राचे नाव लिहिलेले आहे. उजवीकडे वरच्या बाजूस भिंतीवर घंटा टांगलेली असून तिच्या खाली हा चौरस आहे.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते. त्यामुळे अक्षरे व आकडे पत्र्यावर आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागतात. या कामात ड्यूररकडून एक चूक झाली. चित्राच्या पहिल्या अवस्थेतील ठशांमध्ये चौरसातील ९ हा आकडा उलटा दिसतो. पुढे पत्र्यावर दुरुस्ती करण्यात आली, आणि अधिक प्रमाणात आढळणाऱ्या नंतरच्या ठशांत तो सुलटा, पण काहीसा विचित्र घाटाचा आहे. ही दुरुस्ती लहान असली तरी आकडे अचूक वाचले जावेत याची कलावंताला काळजी होती, एवढे तिच्यावरून समजते.

चौरसाची रचना

चौरसातील संख्या पुढीलप्रमाणे आहेत :

१६   ३   २   १३
५   १०   ११   ८
९   ६   ७   १२
४   १५   १४   १

यात १ ते १६ या संख्या प्रत्येकी एकदाच येतात. प्रत्येक आडव्या ओळीची, प्रत्येक उभ्या ओळीची आणि दोन्ही कर्णांची बेरीज ३४ भरते. याशिवाय चार कोपऱ्यांतील संख्यांची (१६, १३, ४, १) बेरीज ३४, मधल्या चार घरांची (१०, ११, ६, ७) बेरीज ३४, आणि चौरसाचे चार समान भाग केल्यास प्रत्येक भागाची बेरीजही ३४ येते. केंद्राच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर येणाऱ्या कोणत्याही दोन घरांची बेरीज १७ असते : १६ व १, ३ व १४, ५ व १२, १० व ७.

लोकप्रिय लेखनात ही सर्व वैशिष्ट्ये ड्यूररच्या प्रतिभेच्या खात्यावर जमा केली जातात. वस्तुस्थिती तशी नाही. कोपऱ्यांची आणि मधल्या घरांची बेरीज ३४ असणे हा १ ते १६ या संख्यांच्या प्रत्येक जादूच्या चौरसाचा गुणधर्म आहे. वरच्या व खालच्या ओळीची एकूण बेरीज ६८ असते. तीत चार कोपरे आणि त्या ओळींतील मधली चार घरे येतात. मधल्या दोन उभ्या ओळींची बेरीजही ६८ असते. तीत हीच चार घरे आणि केंद्रातील चार घरे येतात. म्हणून कोपऱ्यांची बेरीज व केंद्राची बेरीज समान ठरतात. दोन्ही कर्ण मिळून ६८ होतात आणि त्यांत कोपरे व केंद्र यांखेरीज काहीच नसते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ३४ येतात. चार भागांची समान बेरीजही वेगळे आश्चर्य नाही. समोरासमोरची घरे मिळून १७ होतात हे एकदा साधले की ती आपोआप येते.

सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फ्रेनिकल द बेसी याने १ ते १६ या संख्यांचे एकूण ८८० वेगवेगळे जादूचे चौरस असल्याचे मोजले. त्याची ही गणना त्याच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४८ चौरसांत समोरासमोरच्या घरांची बेरीज १७ येते. ड्यूररचा चौरस या ४८ पैकी एक आहे.

१ ते १६ मधून चार वेगवेगळ्या संख्या निवडून ३४ ही बेरीज ८६ प्रकारे मिळते. त्यामुळे चौरसात पतंग, समांतरभुज चौकोन किंवा अन्य आकृत्या शोधणाऱ्यास ३४ पुनःपुन्हा भेटत राहतात. त्या शोधण्यात गंमत आहेच, परंतु प्रत्येक आकृती कलावंताचा निरोप मानण्याचे कारण नाही.

वर्ष कसे बसवले

असा चौरस तयार करण्याची एक सोपी पद्धत आहे. १ ते १६ या संख्या चार ओळींत क्रमाने लिहाव्यात. कर्णांवरील प्रत्येक संख्या १७ मधून वजा करून येणारी संख्या तिच्या जागी ठेवावी. इतर संख्या जागच्या जागी राहू द्याव्यात. मिळणारा चौरस असा :

१६   २   ३   १३
५   ११   १०   ८
९   ७   ६   १२
४   १४   १५   १

हा चौरस आणि ड्यूररचा चौरस यांत एकच फरक आहे : मधल्या दोन उभ्या ओळींची अदलाबदल. उभ्या ओळी बदलल्याने आडव्या व उभ्या बेरजांवर परिणाम होत नाही. कर्णावर ११ व ६ यांच्या जागी १० व ७ येतात आणि दोन्ही जोड्यांची बेरीज १७ असल्याने कर्णही बिघडत नाहीत. या एका अदलाबदलीने तळाच्या ओळीतील ‘१४, १५’ चे ‘१५, १४’ होते. वर्ष चौरसात आणण्यासाठी एवढे पुरेसे होते.

हे वर्ष योगायोगाने आले नसावे, यास चित्रातच आधार आहे. स्त्रीच्या बाजूला खाली उजवीकडे दगडाच्या कडेवर ड्यूररची स्वाक्षरीमुद्रा आणि तिच्यासोबत १५१४ हे वर्ष स्वतंत्रपणे कोरलेले आहे. एकच वर्ष चित्रात दोनदा येते : एकदा उघडपणे, एकदा गणिताच्या आडून. उत्तर जवळच ठेवून घातलेल्या कोड्यासारखी ही रचना आहे.

आद्याक्षरांचा दावा

तळाच्या ओळीत १५ व १४ यांच्या बाजूंना ४ आणि १ आहेत. लॅटिन वर्णमालेत चौथे अक्षर ‘डी’ व पहिले अक्षर ‘ए’. ड्यूररची आद्याक्षरे हीच असल्याने त्याने वर्षासोबत आपली सहीही चौरसात केली, असा दावा अनेक ठिकाणी आढळतो. तो आकर्षक आहे, पण वर्षाच्या दाव्याइतका भक्कम नाही.

तळाच्या ओळीत १५ व १४ ठेवल्यावर उरलेल्या दोन घरांची बेरीज ५ असली पाहिजे. ती १ व ४ यांनी किंवा २ व ३ यांनी होऊ शकते. परंतु समोरासमोरच्या घरांची बेरीज १७ ठेवायची असल्यास १५ च्या समोर २ आणि १४ च्या समोर ३ येणे अटळ असते. २ व ३ अशा रीतीने वरच्या ओळीत गेल्यावर तळाला १ व ४ हेच उरतात. म्हणजेच या प्रकारच्या चौरसात वर्ष बसवताच आद्याक्षरे फुकट मिळतात.

कलावंताच्या हाती राहतो तो फक्त क्रम. ड्यूररची प्रसिद्ध स्वाक्षरीमुद्रा मोठ्या ‘ए’च्या पायांत लहान ‘डी’ अशी आहे, म्हणजे ती ‘ए, डी’ अशी वाचली जाते. चौरसात मात्र डावीकडून ‘डी’ आधी व ‘ए’ नंतर येतो. कडेच्या दोन उभ्या ओळींची अदलाबदल केली असती तर तळाची ओळ १, १५, १४, ४ अशी झाली असती, वर्ष टिकले असते, सर्व बेरजा ३४ राहिल्या असत्या आणि आद्याक्षरेही नेहमीच्या क्रमाने आली असती. ड्यूररने तसे केले नाही. आद्याक्षरे त्याच्या लक्षात आली असणे शक्य आहे. चौरस त्यांच्यासाठी रचला गेला असे म्हणता येत नाही.

ड्यूररची आई बार्बारा मे १५१४ मध्ये वारली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने कोळशाने काढलेले तिचे वृद्धावस्थेतील चित्र प्रसिद्ध आहे. या शोकाचा संबंध काही अभ्यासक ‘मेलेन्कोलिया १’ च्या विषण्णतेशी जोडतात. मृत्यूची तारीख चौरसातील संख्यांत शोधण्याचेही प्रयत्न झाले आहेत. इतक्या बेरजा उपलब्ध असलेल्या चौरसात हवी ती तारीख काढणे अवघड नसते, हे अशा प्रयत्नांबाबत ध्यानात घ्यावे लागते.

गुरू ग्रहाशी संबंध

मध्ययुगीन युरोपीय वैद्यकानुसार माणसाचा स्वभाव शरीरातील चार द्रवांवर अवलंबून असे. त्यांपैकी काळ्या पित्ताच्या आधिक्याने विषण्णता येते आणि तिच्यावर शनीचा अंमल असतो, अशी समजूत होती. इटालियन विचारवंत मार्सिलियो फिचिनो याने १४८९ च्या आपल्या ग्रंथात या विषण्णतेला प्रतिभावंतांचे लक्षण मानले आणि शनीचा प्रभाव सौम्य करण्यासाठी गुरू ग्रहाचा आश्रय सुचवला. दुसरीकडे, जादूचे चौरस ग्रहांना वाटून देण्याची प्रथा होती : तीन घरांचा चौरस शनीचा, चारचा गुरूचा, पाचचा मंगळाचा, आणि अशा क्रमाने नऊ घरांचा चंद्राचा. या पार्श्वभूमीवर, खिन्न स्त्रीच्या डोक्यावरील भिंतीत असलेला चार घरांचा चौरस म्हणजे शनीवर उतारा म्हणून ठेवलेला गुरूचा ताईत होय, असे मत कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की व फ्रिट्झ झाक्सल यांनी विसाव्या शतकात मांडले आणि ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले गेले.

हाइनरिख कोर्नेलियस अग्रिप्पा याच्या गूढविद्येवरील ग्रंथात गुरूचा म्हणून दिलेला चौरस ड्यूररच्या चौरसाचा जवळचा नातेवाईक आहे. ड्यूररचा चौरस वरची ओळ खाली करून उलटा केला आणि मधल्या दोन उभ्या ओळी बदलल्या की अग्रिप्पाचा चौरस मिळतो. परंतु हा ग्रंथ पूर्ण स्वरूपात १५३३ मध्ये, म्हणजे चित्रानंतर १९ वर्षांनी व ड्यूररच्या मृत्यूनंतर ५ वर्षांनी छापला गेला. त्यामुळे छापील ग्रंथ ड्यूररचा आधार असू शकत नाही. ग्रंथाचे प्राथमिक हस्तलिखित १५१० च्या सुमारास तयार होते, आणि चित्राच्या नावातील ‘१’ हा अंक अग्रिप्पाने सांगितलेल्या विषण्णतेच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीचा, म्हणजे कल्पनाशक्तीच्या पायरीचा, निदर्शक आहे असे पानोफ्स्की यांचे प्रतिपादन होते.

इटलीकडून आलेला दुसरा धागाही सांगितला जातो. गणिती लुका पाचोली याने १४९६ ते १५०८ च्या दरम्यान संख्यांच्या करामती, कोडी व हातचलाखी यांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ग्रहांच्या चौरसांचा समावेश केला. बोलोन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातील हे हस्तलिखित सुमारे पाचशे वर्षे अप्रकाशित राहिले. मनोरंजक गणिताच्या इतिहासात त्याला आता मोठे स्थान आहे. ड्यूररने ऑक्टोबर १५०६ मध्ये व्हेनिसहून लिहिलेल्या पत्रात, यथादर्शनाचे रहस्य शिकण्यासाठी आपण बोलोन्याला जाणार असल्याचे म्हटले आहे. तेथे त्याला कोण भेटले, हे पत्रात नाही.

चित्रातील इतर संकेत

चित्रातील एका संकेताचा अर्थ खुद्द ड्यूररने लिहून ठेवला आहे. स्त्रीच्या कमरेला किल्ल्या आणि बटवा लटकत आहेत. या चित्राच्या पूर्वतयारीच्या एका रेखाटनावर त्याने किल्ली हे सत्तेचे व बटवा हे संपत्तीचे चिन्ह असल्याची नोंद केली. संपूर्ण चित्राबाबत कलावंताचे एवढेच स्पष्टीकरण उपलब्ध आहे, आणि ते चौरसाविषयी नाही.

डावीकडील मोठ्या दगडी घनाकृतीला सहा पंचकोनी व दोन त्रिकोणी अशा आठ बाजू आहेत. समभुज बाजूंचा एक तिरका ठोकळा समोरासमोरच्या दोन टोकांना कापल्यासारखा तिचा आकार आहे. तिच्या कोनांच्या नेमक्या मापांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तिची १२ टोके व १८ कडा यांवरून बनलेल्या आलेखाला गणितात ‘ड्यूरर आलेख’ हे नाव मिळाले आहे. या दगडाच्या पुढच्या बाजूवर पुसट मानवी चेहरा किंवा कवटी दिसते, असे अनेकांनी नोंदवले आहे. ड्यूररला अशा खेळांची आवड होती. १४९३ मधील एका कागदावर त्याने रेखाटलेल्या सहा उशांच्या चुण्यांतही चेहरे दिसतात.

त्या काळात अशी गुपिते इतरत्रही आढळतात. हान्स होल्बाइन (धाकटा) याच्या ‘राजदूत’ (१५३३) या चित्रात पायाशी एक ताणलेला, निरर्थक वाटणारा आकार आहे. चित्राच्या बाजूला जाऊन तिरक्या नजरेने पाहिल्यास त्याची मानवी कवटी होते. तेथे प्रेक्षकाला जागा बदलावी लागते, तर ड्यूररच्या चौरसात केवळ बेरीज करावी लागते.

युरोपाबाहेरील पूर्वपरंपरा

जादूचे चौरस युरोपात उशिरा पोहोचले. चीन, भारत व अरबी जगत या ठिकाणी ते त्याआधी अनेक शतके परिचित होते. खजुराहो येथील पार्श्वनाथ जैन मंदिरातील मध्ययुगीन कोरीव चौरस ‘चौतीसा यंत्र’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या ओळी ७, १२, १, १४. २, १३, ८, ११. १६, ३, १०, ५. आणि ९, ६, १५, ४ अशा आहेत. बेरीज येथेही ३४ आहे, परंतु गुणधर्म निराळा आहे. खजुराहोच्या चौरसात तुटक कर्णांची बेरीजही ३४ येते. ड्यूररच्या चौरसात ती येत नाही. उदाहरणार्थ ३, ११, १२ व ४ मिळून ३० होतात. उलट समोरासमोरच्या घरांची १७ ही बेरीज खजुराहोच्या चौरसात नाही. सोळा घरांच्या चौरसात हे दोन्ही गुण एकत्र येणे अशक्य असते. नारायण पंडित याने ‘गणितकौमुदी’ (१३५६) या ग्रंथात ‘भद्रगणित’ नावाचे प्रकरण याच विषयासाठी राखून ठेवले आहे. ड्यूररच्या चौरसाचा भारतीय चौरसांशी थेट संबंध असल्याचा पुरावा नाही.

नंतरचा वापर

बार्सिलोना येथील सग्रादा फामिलिया चर्चच्या दर्शनी भागावर शिल्पकार जोसेप मारिया सुबिराक्स याने याच चौरसाची एक सुधारित आवृत्ती बसवली. त्याने ड्यूररचा चौरस अर्ध्या फेरीने फिरवला आणि प्रत्येक ओळीतील एक, अशा चार संख्या एकाने कमी केल्या. परिणामी बेरीज ३३ झाली, जे परंपरेनुसार वधस्तंभावर चढवले गेले तेव्हाचे येशूचे वय आहे. त्याची किंमत म्हणून १० व १४ दोनदा येतात, तर १२ व १६ नाहीसे होतात. काटेकोर अर्थाने हा १ ते १६ या संख्यांचा जादूचा चौरस राहत नाही.

डॅन ब्राउन यांच्या ‘द लॉस्ट सिम्बॉल’ (२००९) या कादंबरीत सोळा अक्षरांचा गूढ मजकूर ड्यूररच्या चौरसातील क्रमानुसार वाचून उलगडला जातो. सांकेतिक लेखनाच्या दृष्टीने ही साधी स्थानबदलाची पद्धत आहे : अक्षरे तीच राहतात, वाचण्याचा क्रम तेवढा चौरस ठरवतो. कादंबरीतील हा संकेत मात्र लेखकाचा आहे. मूळ चित्रात अक्षरांचा असा मजकूर नाही. मॅटलॅब या गणनप्रणालीत चार घरांचा जादूचा चौरस मागितल्यास वर दिलेला, मधल्या उभ्या ओळी न बदललेला चौरस मिळतो, आणि ड्यूररचे चित्रही या प्रणालीसोबत नमुना म्हणून दिले जाते.

कोड्यांच्या पुस्तकांत व ‘मेंदूच्या व्यायामा’च्या संग्रहांत काही घरे रिकामी ठेवून हा चौरस भरावयास दिला जातो. अशा कोड्यांनी एकूण बुद्धी किंवा स्मरणशक्ती वाढते, या दाव्याला फारसा आधार मिळालेला नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११,४३० जणांच्या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासात सहभागी व्यक्ती सराव केलेल्या कामांत सुधारल्या, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या कामांतही ही सुधारणा उतरली नाही. २०१६ मधील एका विस्तृत आढाव्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता. शाळेत हा चौरस वापरला जातो तो वेगळ्या कारणासाठी : तळाला १५ व १४ ठेवल्यावर १ व ४ का उरतात, हे विद्यार्थ्याला कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता कागदावर सिद्ध करता येते.